मनोरुग्ण अपत्याचे पालकत्व : कोल्हापूरचे चौथे शिवाजी

गंभीर मानसिक विकाराची लक्षणे दिसू लागलेल्या मुलाचा ताबा कोणाकडे असावा आणि ताबा म्हणजेच सांभाळ काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात मोठ्या सार्वजनिक वादाचा विषय झाला, तो कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी (५ एप्रिल १८६३–२५ डिसेंबर १८८३) यांच्या निमित्ताने.

छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परत येत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवा राणीने १८७१ मध्ये भोसले कुळातील नारायणराव या मुलास दत्तक घेऊन त्याचे नाव शिवाजी ठेवले. राजा अज्ञान असल्याने राज्यकारभार व त्याचे शिक्षण ही दोन्ही ब्रिटिश सरकारच्या देखरेखीखाली आली. दत्तविधानाने जन्मदाते दुरावले. दत्तक मातेच्या शब्दाला वाड्यात मान असला, तरी निर्णय पोलिटिकल एजंटाचा असे. सारांश, या मुलास पालक अनेक होते, पण आईबापांच्या जागी असे कोणी नव्हते.

तारुण्यात पदार्पण करताना त्यांच्या वागण्यात विकृती दिसू लागली. अनेक तीव्र मानसिक विकार याच वयात प्रकट होतात, हे आज सर्वज्ञात आहे. तथापि उपलब्ध वर्णनांवरून रोगाचे नाव ठरविणे धाडसाचे होईल. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना वेडे मानले. राजनिष्ठ लोकांचा समज वेगळा होता : महाराज शहाणे असून त्यांचा छळ होत आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे. या दोन मतांत ‘छळ थांबला, तर प्रकृती सुधारेल काय ?’ हा साधा प्रश्न मागे पडला.

१८८१ मध्ये निघालेल्या केसरी व मराठा या पत्रांनी महाराजांचा कैवार घेतला. बर्वे यांच्या नावावर घातलेली काही पत्रे त्यासाठी आधार म्हणून पुढे आली. ती खोटी ठरली आणि अब्रुनुकसानीच्या खटल्यात बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांना जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवसांनी ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले. पुरावा फसवा होता. मुलाविषयीची कळकळ तशी नव्हती. मात्र खटल्याची कीर्ती पुढे एवढी वाढली, की ज्याच्यासाठी तो झाला त्या विशीतल्या तरुणाचे काय झाले, याकडे इतिहासलेखकांचेही काहीसे दुर्लक्षच झाले.

१८८२ मध्ये कागलचे अधिपती जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांच्या अध्यक्षतेखाली राजप्रतिनिधी मंडळ नेमण्यात आले. महाराजांना घरापासून दूर अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) किल्ल्यात ठेवले. तेथे त्यांच्या सोबतीस गोरे पहारेकरी होते. औषध असे त्या काळी जगात कोठेच नव्हते; मनोविकृतीवरील (सायकोसिस) पहिले परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझीन, १९५२ मध्ये वापरात आले. त्यामुळे शांत सहवास व ओळखीची माणसे एवढाच उपाय हाती होता, आणि नेमका तोच नाकारला गेला. २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. त्यांच्या विधवा पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी आबासाहेबांचा मुलगा यशवंतराव यास दत्तक घेतले. तेच पुढे राजर्षी शाहू छत्रपती म्हणून प्रसिद्ध झाले.

ब्रिटिश मुलखातील प्रजेसाठी १८५८ चे वेड्यांविषयीचे कायदे होते. त्यांचा भर मिळकतीची व्यवस्था आणि वेड्यांच्या इस्पितळातील बंदोबस्त यांवर होता. १९१२ च्या कायद्याने वारसदारास सहसा रुग्णाच्या शरीराचा पालक नेमू नये, असे ठरविले. वारसाच्या लोभाचा अनुभव त्यामागे असावा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार अठरा वर्षांखालील मुलास मनोरुग्णालयात दाखल केल्यास त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते, आणि त्याचा पालक अथवा नेमलेला सोबती दाखल असेपर्यंत सतत त्याच्याजवळ राहणे बंधनकारक आहे.