अपूच्या जळालेल्या रिळांचे पुनरुज्जीवन

जुना चित्रपट घरी पाहण्याच्या तबकडीवर नव्याने आला की पाहणारा एवढेच विचारतो : चित्र स्वच्छ आहे ना, आवाज नीट येतो ना? प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. ती स्वच्छता कशातून काढली आणि कोणाच्या हातांनी काढली, हा उरलेला अर्धा. कामगार संघटनेच्या कामात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला तोच अधिक जवळचा वाटावा, यात नवल नाही.

सत्यजित राय यांचे ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) व ‘अपूर संसार’ (१९५९) हे तीन चित्रपट घ्या. १९९२ साली अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने राय यांना सन्मानार्थ ऑस्कर दिले, तेव्हा त्यांच्या चित्रपटांच्या प्रती किती हलाखीत आहेत हे तेथील मंडळींच्या ध्यानात आले. जतनाची खटपट सुरू झाली. मूळ निगेटिव्ह लंडनच्या हेंडरसन प्रयोगशाळेत पोहोचल्या आणि जुलै १९९३ मध्ये त्या प्रयोगशाळेलाच आग लागली! करपलेली रिळे फेकून न देता अकादमीकडे पाठवण्यात आली, आणि तेथे ती वीस वर्षे पडून राहिली.

दरम्यान लोकांनी घरी जे पाहिले ते उरल्यासुरल्या प्रतींवरून उतरवलेले. प्रतीची प्रत काढीत गेले की काळे अधिक काळे होते, पांढरे फुटते, आणि मधल्या करड्या छटा मरतात. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’साठी स्टुडिओत उभारलेल्या काशीच्या घराच्या चौकावर पांढरे कापड ताणले व त्यावर दिवे मारून परतून येणाऱ्या उजेडात चित्रण केले. काशीच्या अरुंद चौकात वरून झिरपणारा उजेड असाच, सावली न पाडणारा असतो. ही सारी करामत करड्या छटांतच आहे. त्या गेल्या म्हणजे त्या माणसाची मेहनतच पुसली गेली.

आवाजाची कथा निराळी. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने चालतो, तर आपल्याकडील व युरोपातील दूरचित्रवाणीची पाल पद्धत २५ चित्रांची. त्यामुळे पालच्या डीव्हीडीवर बहुधा १२५ मिनिटांचा चित्रपट १२० मिनिटांत आटोपतो, आणि दुरुस्ती केली नसेल तर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. रविशंकरांचा षड्जच हलतो म्हणा ना! ‘पथेर पांचाली’त हरिहर घरी परततो, दुर्गा गेल्याचे त्याला कळते, तेव्हा सर्वजयेचा टाहो ऐकू येत नाही, त्या जागी दक्षिणामोहन टागोरांची तारशहनाई वाजते. जुन्या ध्वनिपट्टीची खरखर पुसण्याच्या भरात त्या वाद्याची धारही पुसली, तर आईचा आक्रोशच बोथट होतो. थोडी खरखर मला चालेल. चित्राचे कणही चालतील. ते घासून काढले की चेहरे मेणाचे दिसू लागतात.

२०१३ पासून अमेरिकेच्या क्रायटेरियन कंपनीने अकादमीच्या साहाय्याने जे काम हाती घेतले, त्याचा मोठा भाग इटलीत, बोलोन्याच्या कार्यशाळेत झाला. ठिसूळ झालेल्या फिल्मला पुन्हा ओलावा द्यायचा, वितळलेला चिकटा खरवडायचा, तुटलेली काठाची भोके हाताने पुन्हा बांधायची. असे सुमारे हजार तास. त्यातून ‘पथेर पांचाली’चा ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून मिळाला. ‘अपूर संसार’ची वाचलेली रिळे मात्र कामी आली नाहीत, तो सगळा चित्रपट इतरत्र जपलेल्या प्रतींवरून उभारावा लागला. म्हणजे एकाच संचातल्या तीन तबकड्यांचेही कूळ एक नाही. शेजारी शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे, मग गुण द्यावेत. नवी प्रत मे २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात दाखवली गेली. ‘पथेर पांचाली’ १९५५ च्या मे महिन्यात प्रथम दाखवली गेली तीही तेथेच.

हे शक्य झाले त्याला आणखी एक कारण आहे. राय चित्रपट काढू लागले तोवर ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म जाऊन ॲसिटेट आली होती. ॲसिटेट करपते, वितळते, पण मागे काहीतरी उरते. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील भांडाराला आग लागली. तेथे ‘प्रभात’ची रिळे होती, आणि ती नायट्रेटची होती.