मल्टी-इंजिन विमानाचे प्रशिक्षक व्हायचे असेल तर: संस्था निवडताना काय पाहावे

बऱ्हाणपूरहून सातपुड्याच्या पायथ्याने रावेर, यावल, चोपडा करत शिरपूरला जाणारा रस्ता आपल्या परिचयाचा आहे. याच पट्ट्यात शिरपूर, जळगाव आणि धुळे येथे आज विमान चालवणे शिकवले जाते. त्यामुळे ‘सीपीएल झाले, आता प्रशिक्षक व्हायचे आहे, कोठे जावे?’ असे सभासद आम्हाला विचारतात. मल्टी-इंजिन, म्हणजे दोन इंजिनांच्या विमानाचे प्रशिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी आणि फी भरणाऱ्या पालकांसाठी ही माहिती येथे देत आहोत.

आधी पायऱ्या समजून घ्या

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी (सीपीएल) किमान वय १८ वर्षे आणि २०० तासांचे उड्डाण लागते. दोन इंजिनांचे विमान चालवण्याची नोंद त्या परवान्यावर वेगळी करून घ्यावी लागते. शिकवण्याचा अधिकार त्याहून वेगळा आहे. आपल्याकडे प्रथम सहायक प्रशिक्षक होता येते व वरिष्ठ प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवता येते. पूर्ण प्रशिक्षकाचा दर्जा त्यानंतर मिळतो. ‘सगळे एकाच पॅकेजमध्ये’ असे कोणी सांगितले, तर यातील नेमके काय मिळणार हे लिहून घ्यावे.

दोन इंजिने असताना धोका कोठे?

दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षितता, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात एक इंजिन बंद पडले की शक्ती निम्मी होते, पण अशा लहान विमानाची वर चढण्याची क्षमता सुमारे ८० टक्क्यांनी घटते. शिवाय चालू इंजिन विमानाला एका बाजूला वळवू लागते. ठरावीक वेगाच्या खाली गेल्यास रडर पुरा पडत नाही आणि विमान बंद इंजिनाच्या बाजूला उलटू लागते. वेगमापकावर ही मर्यादा लाल रेषेने दाखवलेली असते. एका इंजिनावर सर्वात चांगले चढता येईल तो वेग निळ्या रेषेने दाखवतात.

प्रशिक्षकाला एक इंजिन मुद्दाम मंद करून विद्यार्थ्याला थोडे चुकू द्यावे लागते आणि वेळेवर विमान हाती घ्यावे लागते. ही वेळ काही सेकंदांची असते आणि ती ओळखायला शिकणे हाच या अभ्यासक्रमाचा गाभा आहे.

आपल्या भागातील उन्हाळाही लक्षात घ्यावा. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १८५० फूट उंच आहे. तेथे पारा ४० अंशांवर गेला की हवा ५००० फुटांहून अधिक उंचीवर असावी तितकी विरळ होते. अशा हवेत साध्या इंजिनांच्या विमानात लाल रेषेचा वेग आणि विमान कोसळू लागण्याचा वेग जवळ येतात. दोन्ही एकदम गाठले गेले तर विमान गिरकी घेऊ शकते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत हे धडे किती वाजता घेता, हे अवश्य विचारावे.

संस्थेत जाऊन विचारण्याचे प्रश्न

१. शिकवणार कोण? त्यांनी याच मॉडेलवर किती तास शिकवले आहे? अमेरिकेत दोन इंजिनांचे विमान शिकवण्यासाठी त्या मॉडेलवर किमान ५ तास मुख्य वैमानिक म्हणून उडालेले असावे लागते. ही फक्त किमान अट आहे.

२. दोन इंजिनांची विमाने किती आणि आज उडण्याजोगी किती? एकच असेल, तर ते दुरुस्तीला गेले की अभ्यासक्रम थांबतो. हँगरमध्ये जाऊन स्वतः पाहावे.

३. इंजिन बंद पडण्याचा सराव किती उंचीवर होतो? इंजिन पूर्ण बंद करायचे ते पुरेशा उंचीवर आणि धावपट्टी आवाक्यात असतानाच. जमिनीजवळ फक्त थ्रॉटल मागे घेऊन सराव करावा. याचे लेखी नियम दाखवायला सांगावे.

४. उजव्या सीटवरचे किती तास फीमध्ये आहेत? प्रशिक्षक उजवीकडे बसतो, त्यामुळे हाताची सवय नव्याने लावावी लागते.

५. सिम्युलेटर आहे का? उड्डाण करताच इंजिनाला आग लागणे यासारखे प्रसंग तेथेच शिकता येतात.

६. फी उडालेल्या तासांप्रमाणे हप्त्याने घेतात का? मध्येच सोडल्यास परतावा किती, हे करारात आहे का?

जवळचे आणि दूरचे पर्याय

शिरपूर, जळगाव, धुळे आणि इंदूर आपल्याला जवळ आहेत. गोंदियाचे बिरसी आणि सागरजवळचे ढाना थोडे लांब पडतात. प्रत्येक ठिकाणी दोन इंजिनांचे विमान किंवा प्रशिक्षक घडवण्याची मान्यता असेलच असे नाही, म्हणून डीजीसीएचे मान्यतापत्र पाहावे. डीजीसीए ऑक्टोबर २०२५ पासून संस्थांची श्रेणीही जाहीर करते. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती. तेव्हा जाहिरातीतल्या ‘सर्वोत्तम’ या शब्दावर जाऊ नये.

अमेरिकेत या दर्जासाठी दोन इंजिनांच्या विमानात मुख्य वैमानिक म्हणून किमान १५ तास लागतात. मात्र एम-१ व्हिसावर शिक्षणानंतर काम करण्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने असते. तिकडचा परवाना इथे आपोआप चालत नाही, म्हणून पैसे भरण्यापूर्वी डीजीसीएकडून लेखी खुलासा घ्यावा.

घाई नको

जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात वर्डीजवळ शिकाऊ विमान कोसळून प्रशिक्षकाचा मृत्यू झाला आणि विद्यार्थिनी गंभीर जखमी झाली. मार्च २०२३ मध्ये बालाघाट जिल्ह्यात प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही गेले. हे लिहिण्यामागे भीती घालण्याचा हेतू नाही. आपला मुलगा किंवा मुलगी ज्या सीटवर बसणार आहे, तेथून दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाचा जीवही सांभाळायचा असतो, एवढे ध्यानात राहावे.

संस्थेत किमान दोन दिवस थांबावे. तेथे शिकणाऱ्यांशी कार्यालयाबाहेर बोलावे आणि उड्डाणापूर्वीची एखादी चर्चा ऐकू द्यावी अशी विनंती करावी. वरील प्रश्नांना ‘होऊन जाईल, काळजी करू नका’ एवढेच उत्तर मिळाले, तर फी न भरता परत यावे. आणि जी उत्तरे मिळतील, त्यांची एक प्रत मंडळाच्या कार्यालयात द्यावी. पुढच्या कुटुंबाला ती उपयोगी पडेल.