कैलासाची दुहेरी वाट

कैलासाची परिक्रमा सुमारे ५२ किलोमीटरची. हिंदू आणि बौद्ध यात्रेकरू पर्वत उजव्या हाताला ठेवून चालतात, बोनपंथीय उलट दिशेने. ५,६०० मीटरहून उंच असलेली डोल्मा-ला खिंड मात्र सगळ्यांनाच ओलांडावी लागते.

या यात्रेचा इतिहास सांगताना आपण पुराणांपासून सुरुवात करतो. मला मात्र २९ एप्रिल १९५४चा भारत-चीन करार आठवतो. तो ‘पंचशील’मुळे गाजला, पण त्याच्या कलमांत यात्रेकरूही आहेत. पश्चिम तिबेटकडे जाण्यासाठी त्यात सहा खिंडी नेमून दिल्या होत्या. यात्रेकरूने ओळखीची कागदपत्रे बाळगण्याची गरज नव्हती. पलीकडच्या चौकीवर नाव नोंदवून परवाना घेतला की झाले. शिवाय वाट दुहेरी होती. आपले लोक कैलास-मानसरोवराला जाणार होते, तर तिबेटी बौद्ध बनारस, सारनाथ, गया आणि सांचीला येणार होते.

१९६२मध्ये कराराची मुदत संपली आणि त्याच वर्षी युद्ध झाले. १९८१मध्ये यात्रा पुन्हा सुरू झाली ती लिपुलेखमार्गे, सरकारी तुकड्यांतून. अर्ज, सोडत, वैद्यकीय तपासणी, तुकडीसोबत अधिकारी. २०२०पासून पाच वर्षे तीही बंद होती. २०२५मध्ये पुन्हा निघाली.

एवढ्या उंचीवर तुकडीची शिस्त हवीच. पण यात्रा सुरू झाली की आपण फक्त आपल्या जागा मोजतो. सारनाथला येऊ पाहणाऱ्या तिबेटी यात्रेकरूचा विषय त्यात निघत नाही. १९५४च्या कागदावर तो आपल्या शेजारीच होता.