काळ्या पाषाणाचे कूळ

महाबळेश्वराहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळीचा घाट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला काळ्या खडकाचे थरावर थर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारस भूगर्भातून वर आला आणि थिजला, हे शाळेतली मुलेही सांगतात. पण भूगर्भातून म्हणजे नेमका कुठून? कवचातल्या जुन्या ग्रॅनाइटाला तो शिवला होता, की थेट खालच्या प्रावरणातून आला?

त्र्यंबकेश्वरी गेलो की उपाध्ये वही उघडून आपल्या पणजोबांचे नाव काढून दाखवतात. खडकाची अशी वही स्ट्रॉन्शियम नावाच्या धातूने ठेवली आहे. त्याचे काही अणू ८६ वजनाचे, काही ८७. पहिले आहेत तेवढेच राहतात. दुसऱ्यांत मात्र भर पडते, कारण रुबिडियमचे काही अणू बदलून ८७ वजनाचे स्ट्रॉन्शियम होतात. तेही किती सावकाश! निम्मे बदलायला सुमारे ४,९०० कोटी वर्षे. पृथ्वीचे वयच मुळी ४५४ कोटी.

आता ग्रॅनाइटात रुबिडियम पुष्कळ, प्रावरणात अगदी थोडे. म्हणून ८७ चे ८६ शी प्रमाण प्रावरणातून आलेल्या खडकात ०.७०३ ते ०.७०४ च्या आसपास, तर जुन्या ग्रॅनाइटात बरेच चढलेले. आणि खडक वितळला म्हणून हे प्रमाण बदलत नाही. सगळी मेख इथेच आहे. १९६३ साली गुंटर फॉर आणि पॅट्रिक हर्ली यांनी सागरातले व खंडांवरचे बेसाल्ट याच मापाने ताडून पाहिले.

पुढे १९८० नंतर सह्याद्रीचे थर तपासले गेले. आंबेनळीच्या थरात प्रमाण ०.७०४ च्या जवळ निघाले, म्हणजे जवळजवळ निर्भेळ. त्याच्या बऱ्याच खाली असलेल्या ‘बुशे’ थरात मात्र ते ०.७१३ च्या वर! हा रस वाटेत ग्रॅनाइट खाऊन आला होता. नव्या पाटाचे पहिले पाणी गढूळ येते, मग निवळते, तसेच काहीसे. अर्थात उपमा पुरती लागू नाही. बुशेच्याही खाली कमी गढूळ थर आहेत.

खरी मौज आहे आंध्रातल्या राजमहेंद्रीला. गोदावरीकाठी तिथेही काळा बेसाल्ट आहे, सह्याद्रीपासून सुमारे हजार किलोमीटरांवर. तो तिथलाच, की इकडून वाहत गेलेला? त्याची घडण आणि स्ट्रॉन्शियमचे प्रमाण आंबेनळी-महाबळेश्वराच्या थरांशी जुळते. जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून लाव्हा तिथवर गेला असावा, असे बरेच संशोधक मानतात. कूळ एक म्हणून वाट सिद्ध होत नाही, हे खरे. तरी मला हाच पक्ष पटतो. त्र्यंबकला उगम पावून राजमहेंद्रीवरून समुद्राकडे जाणारी आजची गोदावरीही याच दिशेने वाहते.