बैल चुकार की गाडी तिरपी?

परवा कॅनडातून भाच्याचा फोन आला. तिकडे त्याच्याकडे बर्फावर चालणारी गाडी आहे, स्नोमोबाईल. पुढे दोन पट्ट्या, मागे रबराचा रुंद पट्टा, आणि तो पट्टा स्प्रिंगवर बसवलेल्या दोन लांब रुळांवरून फिरतो. "मामा, पट्टा एका बाजूला घासतोय, दोन दिवस झाले खटपट करतोय," म्हणाला. मी विचारलं, "मग काय करतोस?" तो म्हणाला, "मागची बाजू उचलून टेकू लावायचा, पट्टा हळूहळू फिरवायचा आणि दोन्हीकडची फट बघायची. जिकडे फट कमी, तिकडचा बोल्ट पाव आटा ताणायचा. पुन्हा फिरवून बघायचं. घाई केली की बिघडतं."

मी हसलो. त्याला म्हटलं, "अरे, हे तर आपल्या सुतारबाबांचं काम!"

फोन ठेवल्यावर मात्र साठ वर्षांपूर्वीची एक गोष्ट मनातून जाईना. ती सांगण्याआधी थोडा इतिहास सांगतो. मास्तराची सवय, जात नाही.

आमच्या जुन्नर-आंबेगावात चाक तसं जुनं. आंबेगावच्या डोंगरात उगम पावणारी घोड नदी पुढे शिरूर तालुक्यात इनामगावाजवळून वाहते. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तीत सापडलेल्या एका भांड्यावर बैलगाडीचं चित्र कोरलेलं आहे. म्हणजे गाडी होती. पण नाणेघाटातून जो व्यापार चालला, तो मात्र पाठीवरच्या ओझ्याचा. तिथला दगडी रांजण आपण सहलीला जाऊन बघतो. त्या पायऱ्यांवरून गाडी चढणं शक्यच नव्हतं. घाटावरून कोकणात माल न्यायचा तो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. बोरघाटातला चाकाच्या गाड्यांचा रस्ता सुरू झाला तो १८३० साली.

इंग्रज अमदानीच्या सुरुवातीला पुणे-सोलापूरकडे ज्या थोड्या गाड्या होत्या, त्या फार ओबडधोबड. आधी दगडाची भरीव चाकं, मग फळ्या जोडून केलेली. ओढायला आठ-दहा बैल लागत. १८३६च्या सुमारास इंदापूर भागात जमीन मोजणीच्या कामावर गेसफर्ड नावाचा एक लेफ्टनंट होता. त्याने सोलापूरकडे टेंभुर्णीला गाड्यांचा कारखाना काढला आणि हलकी, सुधारलेली गाडी चालू करून दाखवली. पुढे गाड्या वाढत गेल्या आणि त्यांच्याबरोबर गावच्या सुताराचं नि लोहाराचं कामही.

आमच्या लहानपणची गाडी ती अशी. मधे तुंबा, त्यात आरे, भोवती लाकडी पाट्यांचं कडं आणि त्यावर लोखंडी धाव. धाव बसवायचा दिवस आम्हा पोरांना सणासारखा. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. चर्रर्र आवाज होऊन ती आकसायची आणि सगळे सांधे आवळले जायचे.

या गाडीला स्प्रिंग नव्हती. सगळे धक्के बैलाच्या मानेवर. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं; पुढे जास्त झाला की मान दबते. पण सर्वांत वाईट दोष डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे आस तिरपी होणं.

साल १९६२ असेल. आमचं गाव मीना नदीच्या काठचं. ढवळ्या-पवळ्याची जोडी होती. त्या वर्षी उजवीकडचा पवळ्या बिघडला. चालताना सारखा आत, दांडीवर रेलायचा. अण्णा, म्हणजे आमचे वडील, तसे मायाळू. पण मंचरच्या बाजारी कांदा न्यायचा म्हणजे उशीर परवडत नसे. पवळ्याला आसूड बसू लागला. त्याचा खांदा सुजला, कातडं सोललं. "चुकार झालाय," अण्णा म्हणाले. "चाकणच्या बाजारात काढून टाकू." आईने हळद लावली आणि गप्प बसली.

विकायच्या आधी गाडी ठाकठीक करावी म्हणून सुतारबाबांना बोलावलं. ते आले, गाडीकडे बघेचनात. रस्त्याकडे बघत बसले. धुळीतली आमची चाकोरी त्यांनी बोटाने दाखवली. सरळ चाकाची चाकोरी सुरीने कापल्यासारखी उमटते. आमची रुंद, पुसट, फरफटल्यासारखी होती. मग त्यांनी सुतळी काढली. एक टोक मला दांडीच्या शेंड्याला, जू बांधतात तिथे धरायला लावलं. दुसरं उजव्या चाकापाशी आसेच्या टोकाला नेलं आणि गाठ मारली. तीच सुतळी डाव्या टोकाकडे नेली. दोन बोटं कमी पडली!

कधीतरी गाडी ओढ्यात आदळली होती. आसेची बांधणी ढिली होऊन डावं टोक मागे सरकलं होतं. त्यामुळे दांडी सतत उजवीकडे रेटत होती.

सुतारबाबा म्हणाले, "अण्णा, बैल चुकार न्हाई. गाडी तिरपी हाय. ती सरळ ठिवायला त्यो बिचारा खांदा लावत हुता."

अण्णा काही बोलले नाहीत. संध्याकाळी बराच वेळ गोठ्यात बसून होते. पवळ्या आमच्याकडेच म्हातारा झाला.

पुढे बेंगळुरूच्या आयआयएमचे प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी सदोष गाड्यांमुळे बैलांना होणाऱ्या इजेबद्दल देशभर आवाज उठवला, तेव्हा मला सुतारबाबा आठवले. मग रबरी टायरच्या गाड्या आल्या. त्यातही आस तिरपी झाली की टायर एका बाजूने झिजतो, म्हणजे तक्रार कोण करतं एवढंच बदललं. आता आमच्याकडे बैलगाडा दिसतो तो यात्रेतल्या घाटात. २०१४ साली शर्यतींवर बंदी आली, डिसेंबर २०२१मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा कायम ठेवला. त्या वादात मी शिरत नाही.

मला सांगायचंय ते वेगळंच. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. सातवीच्या वर्गात एक मुलगा होता, पहिल्या तासाला हमखास झोपायचा. मी त्याला वर्गासमोर "चुकार" म्हटलं, अंगठे धरून उभं केलं. एक-दोनदा नव्हे, वर्षभर. नंतर कळलं की शेतीची वीज रात्री यायची आणि वडील आजारी असल्याने उसाला दारं धरायला तोच जायचा. पहाटेपर्यंत गुडघाभर चिखलात.

सुतळी धरून उभा राहिलेला तो पोरगा मीच होतो. तरी मास्तर झाल्यावर मला सुतळी आठवली नाही, आसूड तेवढा आठवला. त्या मुलाचं पुढे बरं चाललं. एकदा नारायणगावच्या स्टँडवर भेटला, वाकून नमस्कार केला. मला बोलायचं होतं, पण एसटी लागली आणि राहून गेलं.

असो. भाच्याचा काल पुन्हा फोन आला. पट्टा सरळ झाला म्हणे, चौथ्या खेपेला.