सॉल्टेअर येथील धर्मादाय घरे

इंग्लंडमधील वेस्ट यॉर्कशर परगण्यात, ब्रॅडफर्डजवळच्या सॉल्टेअर या गिरणीगावात वृद्ध व दुर्बळ माणसांसाठी बांधलेली व्हिक्टोरियाकालीन वसाहत. लोकर-उद्योगपती टायटस सॉल्ट (१८०३–७६) यांनी १८५३ मध्ये एअर नदीकाठी गिरणी सुरू केली आणि तिच्या आसऱ्याने हे गाव वसवले. धर्मादाय घरे १८६८ मध्ये उभी राहिली. ती एकूण ४५ असून लॉकवुड आणि मॉसन हे त्यांचे वास्तुविशारद. गिरणी, चर्च आणि कामगारांची घरे यांचे आराखडेही याच जोडीचे.

गाव गिरणीकडे उतरत जाते. ही घरे वरच्या, दक्षिण टोकाला व्हिक्टोरिया रोडच्या दोन्ही अंगांना असून बागेभोवती तीन बाजूंनी मांडलेला चौक अलेक्झांड्रा स्क्वेअर म्हणून ओळखला जातो. बांधकाम स्थानिक वालुकाश्माचे, छपरे पाटीच्या दगडाची. बहुतेक घरे बैठी, मधूनमधून दुमजली भाग. उतरत्या छपरांचे त्रिकोणी दर्शनी भाग आणि टोकदार कमानी यांतून व्हेनिसच्या गॉथिक शैलीची छाप दिसते. कामगारांच्या घरांच्या साध्या ओळी पाहून इथवर आले की फरक लगेच जाणवतो. ज्यांच्या हातून आता काम होणार नव्हते, त्यांच्या वाट्याला गावातली सर्वांत नटवी घरे आली. धर्मादाय बांधकामात काटकसरीचा कोरडेपणा सहसा ठरलेला असतो. तो येथे नाही, आणि या वास्तूंचे खरे मोल त्यातच आहे.

आतली मांडणी आटोपशीर होती: भट्टी, पाणी तापवण्याचा बंब, कोठीची जागा आणि एक निजण्याची खोली. प्रार्थनेसाठी छोटे चॅपल होते. भाडे नव्हते, उलट एकट्या माणसाला आठवड्याला साडेसात शिलिंग आणि जोडप्याला दहा शिलिंग निर्वाहवेतन मिळे. ब्रिटिश सरकारने १९०९ पासून वृद्धांना पेन्शन देणे सुरू केले, तेव्हा एकट्या माणसाचा दर आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग होता. मात्र येथे प्रवेशासाठी चांगल्या चालचलणुकीची अट असे. मालकाच्या मायेबरोबर त्याची देखरेखही आलीच.

युनेस्कोने २००१ मध्ये सॉल्टेअरला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. रेल्वेस्थानकापासून व्हिक्टोरिया रोडने चढत पायी येथे पोहोचता येते. घरांत आजही लोक राहतात, त्यामुळे ती बाहेरूनच पाहावीत.