अनाहूत कॉल : नुसती नोंदणी नको, तक्रारही करा

कर्ज हवे का, क्रेडिट कार्ड घेता का, प्लॉट पाहायला येता का... ऐन कामाच्या घाईत येणारे असे कॉल शहरवासीयांच्या अंगवळणी पडले आहेत. त्यावर अनेकांनी शोधलेला उपाय एकच, तो म्हणजे अनोळखी क्रमांक उचलायचाच नाही. मात्र, या उपायाची किंमत मोठी आहे. मुलाच्या शाळेतून, रुग्णालयातून किंवा पार्सल घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाकडून येणारा फोनही अनोळखी क्रमांकावरूनच येतो. त्यामुळे सगळेच फोन टाळण्यापेक्षा नको असलेले फोन रोखणे श्रेयस्कर. त्यासाठी देशात व्यवस्था आहे. परंतु तिचा निम्माच भाग बहुतेक ग्राहकांना ठाऊक असतो.

पहिली पायरी नोंदणीची

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण अर्थात 'ट्राय'च्या नियमांनुसार २००७ मध्ये 'डू नॉट कॉल' नोंदणी सुरू झाली. आज २०१८ची नियमावली लागू असून, फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्यात महत्त्वाच्या सुधारणा करण्यात आल्या. नोंदणीसाठी १९०९ या क्रमांकावर फोन करता येतो. एसएमएसही चालतो. त्यात इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट', मग मोकळी जागा आणि पुढे शून्य लिहून तो १९०९ला पाठविल्यास सर्व प्रकारची जाहिरातबाजी नाकारता येते. सगळेच बंद नको असेल, तर बँकिंग व विमा, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य, पर्यटन अशा वर्गवारीतून निवड करण्याची सोय आहे.

तरीही फोन का येतात?

नोंदणी करूनही फोन थांबत नाहीत, ही सार्वत्रिक तक्रार आहे. त्याची कारणे प्रामुख्याने दोन. पहिले कारण म्हणजे ग्राहकाने स्वतःच दिलेली संमती. मॉलमधील सोडतीचे कूपन, कर्जाची ऑनलाइन चौकशी किंवा एखादे अॅप यांच्या अर्जात बारीक अक्षरांत 'संपर्क साधण्यास हरकत नाही' असे छापलेले असते. अशी स्पष्ट संमती त्या कंपनीपुरती नोंदणीपेक्षा वरचढ ठरते. ती मागे घेण्याचा अधिकार मात्र ग्राहकाला आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. नोंदणीकृत टेलिमार्केटिंग कंपन्यांना जाहिरातीच्या कॉलसाठी १४० पासून सुरू होणारे क्रमांक दिलेले आहेत. नियम चुकविणारे विक्रेते मात्र साधी दहा आकडी मोबाइल जोडणी घेऊन कॉल करतात. त्यांनी कोठेच नोंदणी केलेली नसल्याने ग्राहकाची पसंती तपासण्याची यंत्रणा त्यांच्या आड येत नाही. त्यांना रोखण्याचा मार्ग म्हणजे तक्रार.

तक्रारीचे बळ

नको असलेला क्रमांक आपल्या फोनवर 'ब्लॉक' केला, की काम झाले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो क्रमांक इतरांना त्रास देतच राहतो आणि तोच विक्रेता दुसऱ्या क्रमांकावरून पुन्हा फोन करतो. सुधारित नियमांनुसार दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या, तरी अनोंदणीकृत क्रमांकावर कारवाई सुरू होऊ शकते. पूर्वी त्यासाठी सात दिवसांत दहा तक्रारी लागत. म्हणजेच एकेका ग्राहकाच्या तक्रारीचे वजन आता वाढले आहे.

तक्रार करताना पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात :

* कॉल आल्यापासून सात दिवसांच्या आत तक्रार करावी.
* कॉलचा थोडक्यात आशय, कॉल करणाऱ्याचा क्रमांक आणि तारीख एवढी माहिती पुरेशी असते.
* तक्रार १९०९वर, 'ट्राय'च्या डीएनडी अॅपवर किंवा आपल्या मोबाइल कंपनीच्या अॅपवर करता येते.
* अनोंदणीकृत क्रमांकाविरुद्ध तक्रार करण्यासाठी स्वतःची डीएनडी नोंदणी असण्याची अट नाही.

पहिल्या उल्लंघनासाठी संबंधिताची 'आउटगोइंग' सेवा १५ दिवस बंद होते. पुन्हा तोच प्रकार घडल्यास सर्व कंपन्यांकडील त्याच्या जोडण्या वर्षभरासाठी तोडण्याची तरतूद आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये 'ट्राय'ने कठोर कारवाईचे आदेश दिल्यानंतर अल्पावधीतच पावणेतीन लाखांहून अधिक क्रमांक बंद करण्यात आले होते.

विक्री वेगळी, फसवणूक वेगळी

विकणारा कॉल वेळ खातो. फसविणारा कॉल आयुष्याची पुंजी नेतो. केवायसी संपल्याची भीती घालणारा, पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याचे सांगणारा किंवा पोलिस असल्याचे भासवून व्हिडीओ कॉलवर 'डिजिटल अटक' करणारा भामटा डीएनडी नोंदवही पाहून थांबत नाही. भारतीय कायद्यात 'डिजिटल अटक' असा प्रकारच नाही. बँका, विमा कंपन्या व सरकारी विभागांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० पासून सुरू होणारी मालिका ठेवण्यात आली आहे. तरीही पलीकडे कोणीही असो, ओटीपी किंवा पिन सांगू नये. शंका आल्यास फोन ठेवून बँकेच्या कार्डामागील क्रमांकावर स्वतः चौकशी करावी.

पैसे गेलेले नसले, तरी अशा संशयास्पद कॉलची माहिती दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवरील 'चक्षू' या सुविधेत द्यावी. मार्च २०२४ मध्ये ती सुरू झाली. आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत, हेही याच पोर्टलवर तपासता येते. पैसे गेले असतील, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर संपर्क साधावा. रक्कम पुढच्या खात्यात वळविली जाण्यापूर्वी ती गोठविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

घरातील ज्येष्ठांच्या फोनवर १९०९ आणि १९३० हे दोन्ही क्रमांक नावानिशी जतन करून ठेवावेत. ऐन वेळी शोधाशोध करण्यास अवधी नसतो.